एडामामे गेले कुठे

भाऊ राऊतांनी स्वतःची कार्डं छापायला दिली, तेव्हा अलिबागच्या छापखानेवाल्याने त्यांना अदबीने विचारलं, की एवढा मजकूर कार्डावर मावणार नाही, त्यापेक्षा लग्नपत्रिका छापून देऊ का. मजकूर असा होता: ‘भाऊ राऊत, निवृत्त भूकरमापक. सूक्ष्म निरीक्षक, तर्कतज्ज्ञ, गूढ उकलणारे. चौल, रेवदंडा व पंचक्रोशीतील एकमेव. गुप्ततेची हमी. दुपारी दोन ते चार भेटणार नाहीत.’ शेवटी कार्ड दोन्ही बाजूंनी छापलं गेलं आणि ‘गुप्ततेची हमी’ मागच्या बाजूला गेली. तिथे ती कुणी वाचत नसे.

भाऊंचं स्वतःबद्दलचं मत कार्डापेक्षा बरंच मोठं होतं. चौतीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या होत्या. एकाच कुंपणाबद्दल दोन सख्खे भाऊ दोन वेगळ्या शपथा घेताना त्यांनी पाहिले होते, त्यामुळे माणूस किती खोटं बोलतोय हे आपल्याला इंचात सांगता येतं, असं ते म्हणत. आपल्या नजरेतून मुंगी सुटत नाही, असंही म्हणत, आणि हे म्हणताना त्यांचे हात बहुतेक वेळा चष्मा शोधत असत.

निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत त्यांनी अकरा प्रकरणं हाताळली होती. त्यातली नऊ आपोआप सुटली. एक सुटलं नाही तेच बरं, असं दोन्ही पक्षांनी ठरवलं. अकरावं म्हणजे विहिरीवरच्या हरवलेल्या पोहऱ्याचं. त्यात चोराच्या पावलांचे ठसे शोधता शोधता भाऊ स्वतःच शेवाळावरून घसरले आणि त्यांचा उजवा गुडघा सुजून भोपळ्याएवढा झाला. पोहरा विहिरीतच होता.

ह्या सगळ्या पराक्रमांची साक्षीदार, मदतनीस आणि स्वयंपाकीण एकच होती, ती म्हणजे त्यांची धाकटी बहीण गोदू. रेवदंड्याच्या शाळेत तिने तीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं होतं, त्यामुळे डोळ्यांसमोर बेडूक असताना त्याला हत्ती म्हणणाऱ्या मुलांची तिला सवय होती. नऊ वर्षांपूर्वी तिचा नवरा गेला. त्याच्या तेराव्याला जेवायला म्हणून आलेले भाऊ एक सुटकेस घेऊन आले आणि परत गेलेच नाहीत. त्या पहिल्या वर्षी चौलच्या त्या घरात सतत कुणीतरी बडबडत होतं म्हणून आपण सावरलो, हे गोदूला ठाऊक होतं. तेवढ्या एका उपकारापोटी ती पुढची आठ वर्षं ऐकून घेत आली होती.

पण त्या रविवारी तिचा संयम सुटायची वेळ आली.

गोदूची मुलगी वल्लरी दहा वर्षं नवी मुंबईतल्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत राबत होती. तिला आता स्वतःचं काहीतरी करायचं होतं, आणि तेही इथे, घराजवळ. नागावच्या रस्त्यावर येसूबाई पाटलांचा एक गाळा कित्येक वर्षं बंद होता. तिथे येसूबाईंनी स्वतः चाळीस वर्षं खानावळ चालवली होती. गाळा मागायला मोबाइलवाले आले, जागांचे दलाल आले, येसूबाईंनी सगळ्यांना ताक पाजून परत पाठवलं. वल्लरी गेली तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, की तू काय खाऊ घालणार. वल्लरी म्हणाली, कोळंबीचे डम्पलिंग. येसूबाईंना ते काय असतं ते समजलं नाही, पण न समजल्याचं त्यांनी दाखवलं नाही. रविवारी दुपारी साडेबाराला तुझ्या आईकडे येते, खाते, मग बघू, असं म्हणाल्या.

हे जमलं नाही तर वल्लरीला हॉटेलवाले हैदराबादच्या शाखेत पाठवणार होते. गोदू ह्याबद्दल एक अक्षर बोलली नव्हती. फक्त मागच्या खोलीतलं अर्धं कपाट तिने रिकामं करून ठेवलं होतं, आणि कुणी विचारलं तर वाळवी लागली होती असं ती सांगत होती.

शनिवारी सकाळी वल्लरी रो-रो बोटीने मांडव्याला उतरली ती बर्फाचा डबा मांडीवर घेऊन. डब्यात एक हिरवट पाकीट होतं. त्यात गोठवलेले सोयाबीनचे कोवळे दाणे होते आणि त्यांचं जपानी नाव एडामामे. कोळंबी बारीक करायची, त्यात हे दाणे ठेचून घालायचे, आलं, पातीचा कांदा, मिरी आणि तिळाचं तेल घालून सारण करायचं, मैद्याच्या पातळ पारीत भरून चुण्या घालायच्या आणि वाफवायचं, असा तिचा बेत होता. भाऊंनी पाकिटावरचं नाव दोनदा मोठ्याने वाचलं आणि भाचीकडे संशयाने पाहिलं. हे आपल्याला उद्देशून आहे का, असं त्यांनी विचारलं. वल्लरीने नाही म्हटलं, पण हसू तिला आवरलं नाही. दुपारी तिने मूठभर दाणे उकडून पाहिले, पाकिटाच्या तोंडाला रबर लावलं आणि ते फ्रीजरमध्ये ठेवून दिलं.

रविवारी सकाळी सातला आवडाबाई आली. गेली वीस वर्षं गोदूच्या घरात जी मासळी शिजली ती सगळी आवडाबाईच्या टोपलीतली. ती नेहमीसारखी मागच्या दाराने स्वयंपाकघरात आली, कोळंबी ओट्यावर ठेवली, चहा प्यायली आणि गेली. ती गेल्यावर वल्लरीने दाणे बाहेर काढून ठेवायला फ्रीजर उघडला. पाकीट नव्हतं.

तिने आणि गोदूने सगळा फ्रीज उपसला. आइस्क्रीमच्या डब्यात खोबरं निघालं, खोबऱ्याच्या डब्यात आमसुलं निघाली, पाकीट निघालं नाही. वल्लरी खाली पाटावर बसली. अलिबागच्या कुठल्याच दुकानात हे दाणे मिळत नाहीत, आणि मुंबईहून आणायला आता वेळ नाही, एवढं तिने हळूच सांगितलं.

नेमके त्याच वेळी भाऊ दारात उभे होते. त्यांच्या एका हातात वही होती आणि दुसऱ्या हातात मोजणीची टेप. गोदूने पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावर चिंता होती, पण ती आनंदाच्या वर नुसती पसरलेली होती, भातावर वरण घालावं तशी.

त्यांनी सगळ्यांना जागेवरून हलू नका म्हणून बजावलं आणि ते स्वतः सगळीकडे हलले. फ्रीजपासून मागच्या दारापर्यंतचं अंतर त्यांनी मोजलं, ते साडेअकरा फूट भरलं. फ्रीजपासून बाहेरच्या खोलीतल्या दिवाणापर्यंतचं मोजलं, ते सव्वीस फूट. दिवाणाच्या गादीवर हात फिरवून त्यांनी वहीत लिहिलं, ‘गादी किंचित ओलसर. कारण: समुद्राचं सान्निध्य.’ मग त्यांनी जाहीर केलं, की चोर जवळच्या दारानेच जातो, म्हणून चोर मागच्या दाराने गेला, आणि मागच्या दाराचा वापर करणारा माणूस म्हणजे घरातलाच माणूस.

घरात त्यांच्या व्यतिरिक्त तिघी होत्या. गोदू आणि वल्लरीला वगळलं की उरली बायजा. बायजा बारा वर्षं गोदूकडे कामाला होती आणि ह्या क्षणी मागच्या पडवीत सुपात वाल घेऊन बसली होती. कडवे वाल दोन दिवस भिजवून मोड आणलेले होते. त्यांची सालं काढून बिरडं करायचं, असा गोदूचा रविवारचा नेम होता. भाऊ बायजाच्या समोर जाऊन उभे राहिले, डोळे बारीक केले आणि दरडावून त्यांनी विचारलं, “एडामामे कुठे आहे?”

बायजाने त्यांच्याकडे वर पाहिलं. थोडा विचार केला. मग गोदूकडे वळून शांतपणे म्हणाली, “येडा मामा व्हय? ह्यो काय, समोरच उभा हाय.”

पाटावर बसलेली वल्लरी सकाळपासून पहिल्यांदा हसली. भाऊंनी मात्र हे उत्तर वहीत ‘उडवाउडवीचं’ म्हणून नोंदवलं आणि झडती घ्यायची ठरवली. बायजाने आपणहून कमरेची चंची सोडून सुपाशेजारी पालथी केली. त्यातून सुपारीचं खांड, तीन सेफ्टी पिना आणि भाऊंचा चष्मा निघाला. चष्मा तिला सकाळी झाडताना दिवाणाखाली सापडला होता. द्यायचा म्हणून बांधून ठेवला आणि विसरले, असं ती म्हणाली. भाऊंनी तो घातला, तिच्याकडे नीट पाहिलं आणि तिला संशयमुक्त केलं.

मग दुसरा तर्क आला. फ्रीजजवळ शेवटची परकी व्यक्ती कोण होती, तर आवडाबाई. ती टोपली घेऊन आली, कोळंबी उतरवून गेली. म्हणजे टोपली हलकी व्हायला हवी होती. पण जाताना ती टोपली तिने दोन्ही हातांनी उचलली, हे भाऊंनी खिडकीतून स्वतः पाहिलं होतं. गोदू म्हणाली, की ती येतानाही दोन्ही हातांनीच उचलते, सगळं जग उचलतं. भाऊ म्हणाले, नेमकं तेच तिच्या मनात होतं. एवढं बोलून त्यांनी स्कूटर काढली. गोदू त्यांच्या मागे फाटकापर्यंत धावली. आवडाबाईला काही बोलू नकोस असं तिने दोनदा सांगितलं, पण तोवर ते सुपारीच्या झाडांतून रस्त्याला लागले होते.

रेवदंड्याच्या बाजारात काय झालं ते गोदूला भाऊंकडून समजलं नाही. भाऊ परत आले तेव्हा ते फक्त ‘चौकशीला अपेक्षित सहकार्य मिळालं नाही’ एवढंच म्हणाले. समजलं ते त्यांच्यामागून दहा मिनिटांत रिक्षाने आलेल्या आवडाबाईकडून. भाऊंनी भर बाजारात, सगळ्या कोळणींसमोर, तिच्या टोपलीत टेप घालून खोली मोजली होती आणि टोपलीला चोरकप्पा आहे का, असं विचारलं होतं. आवडाबाई हे ओरडून सांगत नव्हती. ओरडली असती तर गोदूला बरं वाटलं असतं. तिने ओट्यावरचा कोळंबीचा वाडगा उचलला, आपल्या टोपलीत रिकामा केला आणि वाडगा धुऊन उपडा घातला.

“ईस वरसं तुझ्या चुलीपर्यंत येते, बाय,” ती गोदूला म्हणाली. “आजपासून तुझ्या दाराशी पन नाय येनार.”

ती गेली. आता घरात एडामामेही नव्हते आणि कोळंबीही नव्हती. घड्याळात साडेनऊ झाले होते.

गोदू भावाकडे वळली. शाळेत तीस वर्षांत तिने कुणावर हात उचलला नव्हता, फक्त आवाज खाली आणायची तिची एक पद्धत होती आणि त्याने वर्ग गप्प होत असे. तोच आवाज काढून तिने भाऊंना सांगितलं, की ही पोर हैदराबादला गेली तर तुझ्या वहीत त्याचं कारण काय लिहायचं ते मी सांगेन. भाऊ गप्प झाले. पण त्यांचं गप्प बसणं म्हणजे नवा तर्क शिजणं, हे गोदूच्या उशिरा लक्षात आलं. तोवर त्यांची स्कूटर पुन्हा फाटकाबाहेर पडली होती.

तिने पायात चपला सरकवल्या आणि रेवदंड्याची रिक्षा धरली. वाटेत नाक्यावर तिला एक दृश्य दिसलं. चायनीजच्या गाडीवर निकेश नावाचा पोरसवदा मालक कोबी चिरत होता, आणि समोरच्या बाकावर बसून भाऊ मंच्युरियन खात होते. शेजारी वही उघडी होती. वल्लरीचं दुकान निघालं तर कुणाचा धंदा बसेल, तर निकेशचा, हा तिसरा तर्क होता. गोदूने रिक्षा थांबवायला लावली नाही. नंतर निकेशनेच सांगितलं, की काकांनी पुरावा म्हणून आधी मंच्युरियन मागितलं, मग नमुना म्हणून सूप, आणि शेवटी त्यात हिरवे दाणे नाहीत याबद्दल त्याचं अभिनंदन करून गेले.

बाजारात आवडाबाई मासळी कापत होती. तिने गोदूकडे पाहिलं नाही. गोदू तिच्यासमोर उकिडवी बसली. सांगायचं बरंच ठरवून आली होती, पण ऐन वेळी तिला फक्त खरं तेच आठवलं. पोर परत येतेय म्हणून मी कपाट रिकामं केलंय, आवडे, असं ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. नऊ वर्षांत ती बाजारात कधी रडली नव्हती. आवडाबाईने सुरी खाली ठेवली, हात पुसले, कोळंबी पिशवीत भरली आणि वर दोन मुठी जास्त घातल्या.

“ही तुला देते,” ती म्हणाली. “तुझ्या भावाला नाय. त्याचं त्यानं बगावं.”

गोदू घरी आली तेव्हा अकरा वाजत आले होते. वल्लरीने दरम्यान गरम पाण्यात मैदा मळून ओल्या फडक्याखाली ठेवला होता, कारण हात रिकामे ठेवले तर डोकं फिरेल, असं ती म्हणाली. दोघी मिळून भराभर कोळंबी सोलायला बसल्या. पाठीतला काळा दोरा काढायचा, अर्धी कोळंबी बारीक चिरायची आणि अर्धी ठेचायची, म्हणजे सारण चिकटही होतं आणि दाताखालीही येतं, असं वल्लरीने दाखवलं. आलं पडलं, कांद्याची पात पडली, तिळाच्या तेलाचा वास सुटला. आणि मग दोघीही थांबल्या. हिरवं काहीच नव्हतं. नुसत्या कोळंबीचं सारण वाफवल्यावर रबरासारखं होतं. मध्ये काहीतरी मऊ, पिठूळ, किंचित गोडसर लागतं, असं वल्लरी म्हणाली.

पडवीतून बायजा सूप घेऊन आत आली. सोललेल्या वालांचा पोपटी ढीग तिने ओट्यावर ठेवला आणि बिरडं आज करायचं का उद्या, एवढंच विचारलं.

गोदूने वालांकडे पाहिलं. मग मुलीकडे पाहिलं. सोयाबीन आणि वाल, दोन्ही एकाच कुळातले, हे तिने तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं. शिवाय कोळंबी घातलेलं बिरडं ह्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होत होतं. त्या दोघांची ओळख करून द्यायची गरज नव्हती. वल्लरी आधी नाही म्हणाली. डम्पलिंगमध्ये वाल घातले हे तिच्या हॉटेलातल्या शेफला समजलं तर तो तिचा ॲप्रन काढून घेईल, असं म्हणाली. गोदू म्हणाली, तो शेफ साडेबाराला येणार नाहीये. येसूबाई येणार आहेत.

वाल बोटचेपे उकडले, अर्धे ठेचले, अर्धे अख्खे ठेवले. वल्लरीने थोडं सारण तव्यावर परतून चाखलं आणि आईच्या तोंडात घातलं. वालांचा तो अगदी शेवटी लागणारा कडसरपणा कोळंबीच्या गोडीला बरोबर अडवत होता. गोदूने पाऱ्या लाटायला घेतल्या. चुण्या घालायला वल्लरीने शिकवायला सुरुवात केली, पण गोदूची बोटं करंजीच्या मुरडीवर आयुष्यभर पोसलेली होती. चौथ्या डम्पलिंगला मुलीनेच आईची पद्धत उचलली. बायजानेही चार केले. ते मोदकासारखे दिसत नव्हते, करंजीसारखेही नव्हते. त्यातला एक भाऊंसारखा दिसत होता, असं तिने स्वतःच सांगितलं. मोदकपात्रात केळीचं पान अंथरलं, त्याला तेलाचा हात लावला आणि पहिला घाणा चढला.

साडेबाराला पाच मिनिटं असताना फाटक वाजलं. भाऊ आधीच पायरीवर उभे होते. पाहुण्यांचं स्वागत मीच करणार, असं त्यांनी ठरवलं होतं. येसूबाई इरकली साडीत, हातात काठी घेऊन आल्या. भाऊंनी त्यांना कार्ड दिलं, आणि घरात सध्या एक गुंतागुंतीचं प्रकरण चालू असलं तरी आपण निर्धास्त बसावं, असं सांगितलं.

गोदू कोकम सरबतासाठी बर्फ काढायला फ्रीजरकडे वळली. बर्फाचा ट्रे निघेना. तिने सुरीचं टोक घालून तो सोडवला, तेव्हा मागे काहीतरी निळं दिसलं. ती शेकायची थंड पिशवी होती. भाऊंचा गुडघा सुजला तेव्हा डॉक्टरांनी सांगितल्यावरून तिनेच औषधाच्या दुकानातून आणली होती. गुडघा ठणकला की दुपारी लावायची, परत गोठवायची. पण ह्या पिशवीवर बोटभर बर्फ चढला होता आणि ती मागच्या भिंतीला अशी चिकटली होती, की आठवडाभर तिला कुणी हात लावला नसावा. गोदूला काल दुपारचं आठवलं. वल्लरी आली त्याच्यानंतर, जेवणं झाल्यावर, भाऊ दिवाणावर आडवे झाले होते. चष्मा काढलेला, डोळे मिटलेले आणि गुडघ्यावर पंच्यात गुंडाळलेलं काहीतरी. किती छान थंड आहे, असंही म्हणाले होते.

ती सुरी हातात घेऊनच बाहेरच्या खोलीकडे निघाली. उंबऱ्यावर पोचेपर्यंत येसूबाई दिवाणावर बसल्या होत्या आणि लोडाला टेकल्या होत्या. मग त्या हळूहळू सरळ झाल्या. चेहऱ्यावर काही न दाखवता त्यांनी एक हात मागे नेला, लोड आणि भिंतीच्या मधल्या फटीत घातला आणि तिथून ओला पंचा ओढून काढला. पंच्यातून एक पाकीट त्यांच्या मांडीवर पडलं. रबर निघालेलं होतं. हिरवं पाणी इरकलीवरून ओघळलं आणि त्यामागून दाणे गडगडत जमिनीवर गेले.

“तुमच्याकडे पाहुण्यांना असंच बसवतात का?” येसूबाईंनी विचारलं.

वल्लरी मोदकपात्राचं झाकण हातात घेऊन दारात उभी होती. भाऊंनी वाकून एक दाणा उचलला, चष्म्याजवळ नेला आणि पाहिला. गोदूने पाहिलं, त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. तरी माणूस चौतीस वर्षांची सवय एका क्षणात सोडत नाही. चोर घरातलाच आहे हा आपला तर्क बरोबर होता, फक्त माणूस चुकला, असं ते म्हणाले. बायजा आतून म्हणाली, की माणूस चुकलाच हाय, त्यात नवीन काय.

गोदूने येसूबाईंना आत नेऊन आपली चांगली साडी नेसायला दिली. त्या बाहेर आल्या त्या दिवाणाकडे न पाहता सरळ स्वयंपाकघरात गेल्या आणि पाटावर बसल्या. वल्लरीने केळीच्या पानावर सहा डम्पलिंग वाढले, शेजारी मिरचीचं पाणी. येसूबाईंनी पहिला उचलून चुण्या पाहिल्या. मग अर्धा तोडला. मग उरलेला अर्धा. मग दुसरा. गोदूला वाटलं आपल्या छातीत कुणीतरी सुपारी फोडतंय.

“वाल आहेत,” चौथ्यानंतर येसूबाई म्हणाल्या.

वल्लरीने खोटं बोलायचा विचार केला असेल तर तो चेहऱ्यावर आला नाही. हो, वाल आहेत, असं ती म्हणाली. खरं म्हणजे दुसरे दाणे घालायचे होते, ते मुंबईहून आणले होते, आणि तुम्ही ज्याला टेकून बसलात ते तेच. येसूबाईंनी पाचवा खाल्ला. मग त्यांनी विचारलं, की ते दुसरे दाणे रोज कुठून आणणार होतीस. बोटीने, असं वल्लरी म्हणाली.

“पावसाळ्यात बोट बंद होते,” येसूबाई म्हणाल्या. “वाल बंद होत नाहीत.”

त्यांनी सहावा संपवला आणि आणखी वाढायला सांगितलं. अकरा डम्पलिंग झाल्यावर हात धुतले, कमरेला खोचलेली चावी काढली आणि पानाशेजारी वल्लरीसमोर ठेवली. खानावळीत चाळीस वर्षं आपण स्वतः पहाटे बाजारात गेलो, तुलाही जावं लागेल, असं त्यांनी बजावलं. पाटीवर जपानी काही लिहायचं नाही, हेही सांगितलं. आणि निघता निघता भाऊंकडे काठी रोखून म्हणाल्या, “मामाला जेवायला येऊ दे. बसायला नको.”

उरलेले एडामामे बायजाने कोंबड्यांना टाकले. कोंबड्यांनी एकेकदा चोच मारली आणि त्या मातीत किडे शोधायला परत गेल्या.

संध्याकाळभर भाऊ गप्प होते. सोमवारीही गप्प होते. गोदूने त्यांना काही म्हटलं नाही. तिला अपेक्षा होती, की ते ह्या प्रकरणाचा वृत्तांत लिहितील आणि त्यात स्वतःला बेशुद्धावस्थेत घडलेल्या गुन्ह्याचा बळी ठरवतील. पण मंगळवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला आणि रेवदंड्याला चलतेस का, असं विचारलं. कशाला, ते त्यांनी सांगितलं नाही. वही घेतली नाही, टेपही घेतली नाही.

बाजारात गर्दी होती. आवडाबाईच्या शेजारच्या कोळणींनी भाऊंना ओळखलं आणि एकमेकींना कोपरानं खुणावलं. आवडाबाई बांगडे मांडत होती. भाऊ तिच्यासमोर उभे राहिले. रस्त्यात त्यांनी बरंच काही तयार केलं असावं, कारण दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. गोदू दोन पावलं मागे होती. तिला वाटलं, आता हा परिस्थितिजन्य पुराव्यांबद्दल बोलायला लागणार. पण ते सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “आवडाबाई, माझं चुकलं. पाकीट माझ्याच गुडघ्यावर होतं.”

गोदू त्यांना साठ वर्षं ओळखत होती. ‘माझं चुकलं’ हे दोन शब्द तिने त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. आवडाबाईने एक बांगडा उचलला, त्याचे कल्ले उघडून पाहिले, परत ठेवला. मग दुसरा उचलला.

“पिशवी आनलीस का?” तिने विचारलं.

भाऊंनी पिशवी आणली नव्हती. त्यांनी गोदूकडे पाहिलं, तर तिच्याकडेही नव्हती. आवडाबाईने चार बांगडे सुंभात ओवून त्यांच्या हातात दिले. ते हातभर लांब धरून, सदऱ्याला पाणी लागू नये म्हणून थोडे तिरके चालत, भाऊ सगळ्या बाजारातून रिक्षाच्या थांब्यापर्यंत गेले. वाटेत ओळखीचे तिघे भेटले, तिघांनीही काय हो भाऊ, काय विशेष, असं विचारलं. भाऊ प्रत्येकाला म्हणाले, बांगडे.